पुळण मोजायची कशी?

भारताला किती किलोमीटर समुद्रकिनारा लाभला आहे? ७,५१६ हे उत्तर पाठ करून कित्येक पिढ्या पास झाल्या. अलीकडे सरकारी मोजणी नव्याने झाली आणि आकडा ११,०९८ वर गेला. जुन्या मोजणीत महाराष्ट्राच्या वाट्याला ६५२ किलोमीटर आले होते, ते आता ८७७ झाले आहेत. शाळेत आपण घोकलेले ७२० किलोमीटर या दोन्हींत बसत नाहीत, ते तिसरेच. समुद्राने मधल्या काळात वीतभरही किनारा वाढवून दिलेला नाही. पहिली मोजणी झाली ती लहान प्रमाणाच्या नकाशावर. त्यात खाड्यांची वळणे आणि लहानसहान भूशिरे एका रेघेत सपाट झाली होती. दुसरी मोजणी बारकाईच्या नकाशावर झाली, तेव्हा ती वळणे लांबीत धरली गेली. बेन्वा मांडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवून दिले होते. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब.

म्हणजे किनाऱ्याबद्दलचा कुठलाही आकडा कानावर पडला, की तो कशाने, कुठून आणि केव्हा मोजला, हे विचारावे लागते. आपल्याकडच्या क्षेत्रभेटीत नेमके हेच तीन प्रश्न गळतात. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे आणि महाविद्यालयांतून तर ती अभ्यासक्रमाचाच भाग असते. तरी बहुतेक अहवालांची पहिली पाने गावाच्या ‘ऐतिहासिक व धार्मिक महत्त्वा’ने भरतात, पुढची पाने छायाचित्रांनी, आणि निष्कर्षात ‘पर्यटनामुळे प्रदूषण वाढत आहे’ हे वाक्य असतेच. ते समुद्र न पाहताही लिहिता येते.

या प्रकरणासाठी आपण दापोली तालुक्यातले आंजर्ले निवडू. दक्षिणेला जोग नदीची खाडी, खाडीपलीकडे हर्णै बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग. उत्तरेला पाडले, आडे आणि मग केळशी. गावामागे जांभ्याचा सडा, त्याच्या कड्यावर गणपतीचे देऊळ, खाली नारळ-पोफळीच्या बागा, बागांपुढे सुरूचे बन आणि त्यापुढे पुळण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ जी/१ या स्थलनिर्देशक नकाशावर हा सगळा पट्टा सापडतो. एवढ्या थोड्या जागेत खाडीचे मुख, वाळूचा दांडा, वालुकागिरी आणि खडकाळ भूशिर एकत्र मिळते, म्हणून विद्यार्थ्यांसाठी ही जागा सोयीची. नुसती सुंदर पुळण हवी असेल तर कोकणात दुसऱ्या पुष्कळ आहेत.

जायचे केव्हा, हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर पंचांगात आहे. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा मुंबईला बरा जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. नेमक्या वेळा हव्या असतील तर सर्वेक्षण विभागाची कोष्टके छापलेली मिळतात. पण पाऊणपटीचे गणित वहीत करून पाहिले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पुळण सर्वांत जास्त उघडी पडते ती उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि या किनाऱ्यावर ती ओहोटी येते पहाटे पाचच्या किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास. पुण्याहून पहाटे निघालेली बस दुपारी बाराला पोचते. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर मुलांना दिसते काठोकाठ भरलेले पाणी. अष्टमी असेल तर दिसते भांगेची ओहोटी, जिच्यात पाणी धड मागे सरतच नाही. एका दिवसाच्या सहलीला समुद्र आपले खालचे अंग कधी दाखवतच नाही. मुक्काम करावा, तोही तिथी पाहून.

भरती-ओहोटीतला फरक जागेगणिक बदलतो. मुंबईत मोठ्या उधाणाला तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास येतो. आंजर्ले या दोहोंच्या मधले. समजा एका दिवशी फरक तीन मीटर आहे आणि पुळणीचा उतार वीस मीटरला एक मीटर असा आहे. म्हणजे साठ मीटर रुंदीचा पट्टा दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा उघडा पडतो. अभ्यासाचा मुख्य मजकूर त्या साठ मीटरांत लिहिलेला आहे.

आता उतार मोजायचा. त्यासाठी थिओडोलाइट लागत नाही. के. ओ. एमरी या अमेरिकन सागरी भूवैज्ञानिकाने १९६१ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे सारे सामान सुताराकडे मिळते. दीड मीटर उंचीच्या दोन सारख्या काठ्या घ्यायच्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि त्या दोन मीटरच्या दोरीने जोडायच्या. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, दोन्ही सरळ उभ्या. जमिनीकडच्या काठीपाशी उभ्या असलेल्याने समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे आणि ती रेषा आपल्या काठीला वरून किती सेंटिमीटरवर छेदते ते वाचायचे. तेवढी जमीन दोन मीटरांत उतरली. पंधरा आले तर उतार साधारण तेराला एक. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणायची, पुढची आणखी दोन मीटर पुढे न्यायची, आणि असे पाण्यापर्यंत जायचे. मधे पुळण उलटी चढली, तर वाचन दुसऱ्या काठीवर घ्यायचे आणि त्याला उणे चिन्ह द्यायचे. हे चिन्ह विसरले की आलेखात पुळणीवर नसलेला खड्डा उगवतो. समुद्राचे क्षितिज इथे पाणसळीचे काम करते. धुक्याने क्षितिज दिसेनासे झाले, तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणावी. ती क्षितिजापेक्षा अचूक, फक्त हळू.

दोन तासांत असे तीन छेद होतात. एक गावासमोर, एक खाडीच्या मुखाजवळ, एक उत्तरेच्या भूशिराकडे. आलेख काढला की वरचा जवळजवळ सपाट कट्टा, त्याच्या कडेची धार, खालचा उतार आणि ओहोटीच्या रेषेजवळचा पुन्हा सपाट भाग असे टप्पे कागदावर उमटतात. तिन्ही छेद एकसारखे निघत नाहीत. का, याचे निम्मे उत्तर वाळूत आहे.

प्रत्येक छेदावर वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मूठभर वाळू पिशवीत भरावी, पिशवीवर जागा आणि वेळ लिहावी. वाळू म्हणजे काय, याची व्याख्या ठरलेली आहे. वेंटवर्थच्या १९२२ च्या मापश्रेणीनुसार दोन मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंतचा कण म्हणजे वाळू. त्याहून मोठी ती रेव, त्याहून बारीक तो गाळ. जाड वाळूची पुळण उभी असते आणि बारीक वाळूची सपाट. लाट वर चढते तेव्हा जोरात असते. परतताना तिचे पाणी जाड वाळूत मुरून जाते, त्यामुळे वर आणलेली वाळू खाली ओढायला पुरेसे पाणी उरत नाही. बारीक वाळूत पाणी मुरत नाही, सगळे परत येते आणि येताना वाळू घेऊन येते.

मग लिंबू आणि लोहचुंबक. वाळूच्या चिमटीवर लिंबू पिळले की पुष्कळदा बारीक बुडबुडे येतात. ते शिंपल्यांचे चूर्ण. कागदाखालून चुंबक फिरवला की काळे कण त्याच्यामागे धावतात. ते मॅग्नेटाइटचे आणि त्याच्या जातीचे. साध्या वाळूत आपण ज्याची अपेक्षा करतो ते चकचकीत, पारदर्शक गारेचे कण भिंगाखाली इथे थोडेच दिसतात. सह्याद्रीचा काळा कातळ बेसाल्टचा, आणि बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच. तो कुजला की त्याची माती होते, गारेची वाळू होत नाही. कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळ्यात त्या तांबडा गाळ आणून ओततात, तो खाडीत आणि खोल पाण्यात जाऊन बसतो. त्यामुळे इथल्या पुष्कळ पुळणी बऱ्याच अंशी शिंपल्यांनी घडवल्या आहेत. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे कमी झाली, तर त्याची झळ ताटापुरती राहत नाही, हा मुद्दा पर्यावरणाच्या अहवालांत फारसा आढळत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेले की वाळू पांढरी होते, कारण तिकडचा खडक वेगळा. तिथे वालुकाश्म आणि गारेचे जुने थर आहेत. उलट रत्नागिरीत मांडवीची पुळण काळी.

पुळणीवर काळ्या वाळूचे पट्टे दिसले की मुले त्यांना घाण समजतात. तो बहुधा जड खनिजांचा थर असतो. इल्मेनाइटचा कण गारेच्या कणापेक्षा पावणेदोन पट जड. जोरदार लाटा हलकी वाळू उचलून नेतात आणि जड मागे राहते. म्हणजे ताजा काळा पट्टा हा इथून अलीकडे वाळू गेल्याचा पुरावा असू शकतो. मे-जूनच्या सुमारास किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे मात्र वेगळे. ते समुद्रात सांडलेल्या तेलाचे, आणि हाताला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत.

लाटा मोजायला फक्त घड्याळ लागते. एक लाट फुटली की घड्याळ सुरू करायचे, तिच्यानंतरची दहावी फुटली की थांबवायचे आणि दहाने भागायचे. हे सोपे काम मला सगळ्या क्षेत्रभेटीतले सर्वांत श्रीमंत वाटते, कारण एका आकड्यातून हजारो किलोमीटरवरची हवा कळते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा तीन ते पाच सेकंदांच्या, विस्कळीत. हिवाळ्यात कधी वायव्येकडून सहा ते आठ सेकंदांच्या नेटक्या लाटा दोन-तीन दिवस येत राहतात. आपल्याकडे वारा पडलेला असतो. त्या इराणच्या आखातात सुटणाऱ्या ‘शमाल’ नावाच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात, आणि रत्नागिरी व गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांची शास्त्रीय नोंद झालेली आहे. आणि कधी नैऋत्येकडून चौदा सेकंदांची लाट येते, दिसायला बुटकी, पण फुटताना सबंध पुळणीवर एकदम पसरणारी. खोल पाण्यात अशा दोन लाटांमध्ये तीनशे मीटरचे अंतर असते. ती उठली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत, विषुववृत्ताच्याही खूप खाली. अशा लाटांची तुकडी दिवसाला साधारण साडेनऊशे किलोमीटर चालते. हिशेब केला तर जिच्यामुळे आज मुलांचे बूट भिजले, ती लाट आठवड्यापूर्वी निघालेली होती. केरळात अशा लाटा आभाळ निरभ्र असताना घरात शिरतात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र त्यांचा इशारा देते.

वाळू किनाऱ्यालगत कुठे वाहते ते पाहायला संत्रे चांगले. ते पाण्यात बरेचसे बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि हरवले तर कचरा होत नाही. गुडघाभर पाण्याच्या पलीकडे फेकायचे, पाच मिनिटांनी ते किनाऱ्याला समांतर किती सरकले ते टेपने मोजायचे. भरतीत एकदा, ओहोटीत एकदा. मात्र पाच संत्र्यांवरून ‘येथे वाळू दक्षिणेकडे वाहते’ असे अहवालात ठोकून देऊ नये. आपल्या किनाऱ्यावर लाटांची दिशा ऋतूनुसार बदलते. वर्षानुवर्षांचा कल पाहायचा तर खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठल्या अंगाने वाढतो ते जुन्या-नव्या नकाशांवर आणि उपग्रहचित्रांवर पाहावे. त्यातही एक मेख आहे. एक चित्र भरतीला घेतलेले आणि दुसरे ओहोटीला, तर साठ मीटर किनारा ‘वाढलेला’ दिसतो.

इथे सुरक्षिततेबद्दल थोडे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला सहलीसाठी आलेले पुण्याच्या महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले. ओसरत्या पाण्याची ओढ आणि फुटलेल्या लाटांच्या पाण्याचे समुद्राकडे परतणारे अरुंद प्रवाह हे दोन्ही वरून शांत दिसतात. उलट जिथे लाटा फुटत नाहीत तिथेच ते असतात आणि पोहायला उतरणारा तीच जागा निवडतो. मोजणी करणाऱ्यांचे लक्ष काठीवर असते. म्हणून एका शिक्षकाने काहीही न मोजता फक्त समुद्र पाहत उभे राहावे आणि कुणीही गुडघ्यापलीकडे जाऊ नये. गावातला एखादा मासेमारी करणारा माणूस सोबत घेतला तर उत्तमच.

पुळणीच्या वरच्या कडेला जीवसृष्टीचे पट्टे ओळीने लागतात. आधी मर्यादवेल, तिच्यात मिसळलेल्या रावणाच्या मिशा, मग केवडा, मग सुरू, उंडी आणि करंज. मर्यादवेलीच्या मुळ्या आणि धावती खोडे उडती वाळू धरून ठेवतात आणि तिथे वालुकागिरी वाढते. सुरू मात्र मूळचा आपला नाही. तो आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा. वाऱ्याला आडोसा आणि जळाऊ लाकूड म्हणून लावलेला. सुरूच्या दाट सावलीत पडलेल्या काड्यांच्या थराखाली काय उगवते आणि मर्यादवेलीच्या उघड्या पट्ट्यात काय, हे एक-एक मीटरच्या चौकटी टाकून मोजले तर मुलांना सुरूबद्दल स्वतःचे मत बनवता येते. त्याच चौकटीत खेकड्यांची बिळे मोजावीत. गाड्या फिरवल्या जातात त्या भागात आणि फिरवल्या जात नाहीत त्या भागात. आकड्यांतला फरक पाहिला की पुळणीवर जीप घालणाऱ्यांशी वाद घालायला विशेषणांची गरज उरत नाही. ऑलिव्ह रिडले कासवे आंजर्ल्यालाही अंडी घालतात. उत्तरेला बाणकोट खाडीजवळच्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून गावकऱ्यांसोबत त्यांचे रक्षण सुरू केले. मादी भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू शोधते. पुळण अरुंद झाली की तिच्यासाठी उरतो तो नेमका धोक्याचा पट्टा.

उरले गावकरी. त्यांच्या मुलाखती म्हणजे प्रश्नावली भरून घेणे नव्हे. ‘पूर्वी समुद्र लांब होता का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी बागायतदाराला विचारावे की कुंपणाबाहेरची नारळाची शेवटची रांग कुठे होती आणि ती ‘फयान’च्या आधी गेली की नंतर. नोव्हेंबर २००९ चे फयान आणि ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ ही दोन वादळे या किनाऱ्यावर सगळ्यांच्या आठवणीतल्या पक्क्या तारखा आहेत. इतर आठवणी त्यांना टांगता येतात. कड्यावरच्या गणपतीची कथाही वहीत घ्यावी. देऊळ पूर्वी खाली समुद्राकाठी होते, समुद्र चढून आला तेव्हा देव डोंगरावर गेला, असे गाव सांगते. ती किनारा सरकल्याची आठवण असेल किंवा नसेलही. पुरावा म्हणून तिला गुण देता येणार नाहीत, पण कुठे शोधायचे याची खूण म्हणून ती वगळूही नये.

आणि हे सगळे मोजून झाल्यावर हाती काय लागते? एका दिवसाची पुळण. कोकणातली पुळण पावसाळ्यात झिजते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात भरते. जूनपासूनच्या उंच, दाट लाटा वरची वाळू उपसून पुढे पाण्याखाली नेऊन ठेवतात. ऑक्टोबरनंतरच्या मंद लाटा ती हळूहळू परत आणतात. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पुळण भरत आलेली असताना. त्या छेदावरून किनारा धुपतो की वाढतो हे सांगणे अशक्य आहे. देशाचा सुमारे एक-तृतीयांश किनारा झिजतो आहे असे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रहचित्रांवरून काढले, पण तुमच्या गावासमोरचा त्या तृतीयांशात आहे की नाही, हे कळायला तीच रेषा पुन्हा पुन्हा मोजावी लागते. धूपप्रतिबंधक बंधारा मागायला गाव जाते तेव्हा असा दहा वर्षांचा छेद जवळ असला तर बोलणे वेगळे होईल. बंधारा घालू नका म्हणायचे असले तरीही. दगडी बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायाची वाळू खाते, आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्याची धूप वाढते, हेही अशाच छेदांतून सिद्ध करावे लागते. किनारपट्टी नियमनाच्या, म्हणजे सीआरझेडच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना भरतीच्या उच्च रेषेपासून अंतरे मोजतात. घर बांधता येईल की नाही हे ज्या रेषेवर ठरते, ती आपल्या अंगणापासून किती दूर आहे हे गावातल्या मुलांनी मोजलेले असावे.

पुनर्मापनाची पहिली अट म्हणजे न हलणारी खूण. सुरूचे झाड खूण म्हणून कधी घेऊ नये; ‘निसर्ग’मध्ये या किनाऱ्यावरचे सुरू आणि माड शेकड्यांनी आडवे झाले. विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, जांभ्याच्या गडग्याचा कोपरा चालतो. त्याचे छायाचित्र, तिथून होकायंत्राने घेतलेली दिशा, तारीख, तिथी, वेळ आणि काठी वाचणाऱ्यांची नावे एका जाड रजिस्टरात लिहावीत, आणि ते रजिस्टर विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये नव्हे, तर शाळेच्या कपाटात राहावे. बाहेरच्या महाविद्यालयाला हे जमणार नाही, ते वर्षातून एकदा येते. किनाऱ्यावरच्या शाळेला जमेल. तिला बसही लागत नाही.

सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्मीळ वाचन जुलै-ऑगस्टचे. तेव्हा उधाणाच्या दिवशी पुळणीवर उतरणे वेडेपणाचे. पण अष्टमीची ओहोटी भर दुपारी, शाळेच्या वेळेत येते. पाणी फार मागे जाणार नाही, खालचा भाग मोजता येणार नाही. क्षितिजही पावसात दिसणार नाही, म्हणून पाण्याची नळी न्यायची. वरचे वीस-तीस मीटर उघडे असतील तेवढे, उघडीप बघून, दोन शिक्षकांसोबत मोजून यायचे. झिजलेल्या कट्ट्याची धार कुठवर आली आहे, हे त्या वीस मीटरांतच दिसते.